जुने नकाशे, गुप्तधन आणि कुंभारीचे शिवार

गेल्या दहा-बारा वर्षांत दोन गोष्टी स्वस्त झाल्या. एक म्हणजे हातात धरून चालवायचा मेटल डिटेक्टर आणि दुसरी म्हणजे जुना नकाशा. पूर्वी ब्रिटिश काळातला नकाशा पाहायचा तर पुण्या-मुंबईच्या पुरालेखागारात अर्ज करावा लागे आणि दिवसचे दिवस घालवावे लागत. आज परदेशी विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी असे शेकडो नकाशे फुकट खुले केले आहेत आणि ते मोबाइलवर उघडतात. या दोन्ही गोष्टी हाताशी आल्यामुळे एक नवा हौशी वर्ग तयार झाला आहे. त्याचे म्हणणे सरळ असते. जुन्या नकाशावर जे आहे आणि आजच्या नकाशावर जे नाही, तिथे यंत्र फिरवावे म्हणजे काहीतरी हाती लागते.

या लेखात मला हे म्हणणे तपासायचे आहे. मी कुठल्या विद्यापीठात पुरातत्त्व शिकलेलो नाही. गावनकाशे, गॅझेटियर आणि टोपोशीट घेऊन सोलापूरच्या आसपासची शिवारे पायी फिरणे एवढाच माझा अभ्यास. पण त्या फिरण्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. नकाशा हा चांगला साक्षीदार आहे, मात्र त्याला प्रश्न चुकीचा विचारला तर उत्तरही चुकीचेच मिळते. उदाहरणासाठी मी सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे, दक्षिण सोलापूर तालुक्यातले कुंभारी हे गाव घेतले आहे. कुंभारी काही प्रसिद्ध पुरातत्त्वीय स्थळ नव्हे, आणि म्हणूनच ते घेतले. दख्खनमधल्या बहुतेक गावांची स्थिती कुंभारीसारखीच आहे.

पद्धत कुठून आली

ही पद्धत मुळात इंग्लंडची. तिथे एकोणिसाव्या शतकातले मोठ्या प्रमाणावरचे नकाशे गावोगावचे उपलब्ध आहेत. हौशी लोक त्यांवर मोडून गेलेल्या पायवाटा, जत्रेची मैदाने, नदीचे उतार, ओसाड पडलेली खेडी शोधतात आणि शेतमालकाची परवानगी काढून तिथे यंत्र चालवतात. तर्क असा की जिथे माणसे जमत, वाकत, ओझी उतरवत, तिथे नाणी, गुंड्या, बकले पडत. हा तर्क चूक नाही. तिथे त्याला यशही आले आहे. पण त्या यशामागे नकाशा एकटा उभा नाही. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे, आणि १९९७ पासून सुरू झालेली ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ आहे. हौशी माणसाला सापडलेली साधी गुंडीसुद्धा तिथल्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नेता येते. वस्तू कोणती, कुठल्या शेतात, नेमकी कुठे, याची नोंद होते. अशा दहा लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी तिथे जमल्या आहेत. थोडक्यात, नकाशा, यंत्र, मालकाची संमती आणि नोंद या चार पायांवर ती पद्धत उभी आहे. आपल्याकडे येताना पहिले दोनच पाय आले.

इंग्लंडमधल्या खुणांची आपली भाषांतरे करायला अडचण नाही. जत्रेच्या मैदानाऐवजी आपला बाजारतळ, उताराऐवजी ओढ्यावरची गाडीवाट, सराईऐवजी धर्मशाळा, मॅनरऐवजी गढी. शिवाय आपल्याकडच्या खास जागा आहेतच : पार, वेस, चावडी, बारव, आड आणि गावाबाहेरचे म्हसोबा-लक्ष्मीचे ठाणे. अडचण पुढे येते. आपले नकाशे या जागांविषयी बोलायला काढलेलेच नव्हते.

नकाशा कोणी काढला आणि कशासाठी

आपल्या भागातला गावनकाशा हा महसुलाचा कागद आहे. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या जमीन मोजणीला सुरुवात केली, आणि ती पद्धत पुढे सोलापूरसह मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. हे माप आजही आपल्या सातबाऱ्यात जिवंत आहे. मोजणीदाराला एकच प्रश्न सोडवायचा होता : या तुकड्यावर सारा किती बसवायचा? म्हणून त्याने बांध काळजीने मोजले, जमिनीची प्रत ठरवली आणि ज्यावर सारा बसत नाही ते ‘पोटखराबा’त टाकले.

नेमक्या या पोटखराब्यात आपल्याला हव्या असलेल्या गोष्टी असतात. दगडांचा ढीग, जुन्या वस्तीचे टेकाड, पडक्या देवळाचा चौथरा, बुजलेला आड. सारा नाही, म्हणून तपशील नाही. तेव्हा गावनकाशावर एखादी जागा कोरी दिसली तर तिथे काही नव्हते असा अर्थ निघत नाही. तिथे सरकारला घेण्यासारखे काही नव्हते, एवढाच निघतो.

सैन्याच्या नकाशांचे याउलट. त्यांना पाणी, रस्ता, उतार आणि तळ ठोकायला मोकळी जागा हवी असे. म्हणून रस्त्याकडेची विहीर त्यांत काळजीने दाखवलेली असते आणि रस्त्यापासून दोन मैल आत असलेले जुने देऊळ राहून जाते. त्याहून मागे गेलो तर जेम्स रेनेलचा १७८२ चा ‘हिंदुस्तान’चा नकाशा आहे. रेनेलने बंगाल स्वतः मोजला. दख्खन मात्र इतरांच्या प्रवासनोंदी, मजलांचे हिशेब आणि ऐकीव माहिती जुळवून काढली. त्या नकाशावर गावाचे नाव दिसले तर ‘हे गाव तेव्हा माहीत होते’ इतकेच म्हणता येते. त्या ठिपक्यावर जाऊन खड्डा खणणे म्हणजे पंचांगात दिलेल्या नक्षत्रावर शिडी लावण्यासारखे आहे.

नकाशा काय गाळतो याचे एक जवळचे उदाहरण कुंभारीच्या पुढे, याच रस्त्यावरच्या वळसंगला आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते, आणि दलित वस्तीतली विहीर त्या भेटीमुळे ओळखली जाते. टोपोशीटच्या सूचीत विहिरीसाठी दोन खुणा असतात : बांधीव आणि बिनबांधीव. कोण कुठल्या विहिरीवर पाणी भरू शकत होते आणि दुसरी विहीर का खोदावी लागली, यासाठी खूण नाही. गावाच्या इतिहासात या दुसऱ्या प्रश्नाचे मोल कुठल्याही हंड्याहून अधिक आहे, आणि तो नकाशावरून कधीच कळणार नाही. त्यासाठी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांपाशीच बसावे लागते.

ठिपक्याची रुंदी

आता मोजणीकडे येऊ. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या शीटचे प्रमाण एक इंचास एक मैल. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर सुमारे ६३ मीटर. टोकदार पेन्सिलीचा अर्धा मिलिमीटरचा ठिपका घेतला तर तो जमिनीवर बत्तीस मीटर रुंद होतो आणि सुमारे आठ गुंठे झाकतो. पुढच्या काळातल्या पन्नास हजारी शीटवर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. इंटरनेटवर सहज मिळणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या अडीच लाखी नकाशावर तोच मिलिमीटर पाव किलोमीटरचा होतो. गावनकाशा या सगळ्यांत बारीक. पुष्कळ जुने गावनकाशे इंचास ६६० फूट या प्रमाणात आहेत, म्हणजे मिलिमीटरला जेमतेम आठ मीटर. पण गावनकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. तो बांधावरच्या दगडांना बांधलेला असतो, आणि त्यांतले कितीतरी दगड आज जागेवर नाहीत.

याहून मोठा घोटाळा रेखांशाचा आहे. एकोणिसाव्या शतकातले भारताचे नकाशे मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर आधारलेले होते आणि तो रेखांश ग्रीनिचपासून मोजताना थोडा चुकला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही दुरुस्ती झाली. ती सुमारे अडीच कलांची आहे. सोलापूरच्या अक्षांशावर अडीच कला म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर. जुन्या शीटवरचा रेखांश वाचून जो तसाच मोबाइलमध्ये भरेल तो एका शिवाराऐवजी भलत्याच शिवारात उभा राहील. नव्या शीटवरही काम संपत नाही. आपले जुने नकाशे एव्हरेस्टने १८३० साली ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत आणि मोबाइलची उपग्रह प्रणाली वेगळा आकार धरते. त्या फरकाने शंभर-दोनशे मीटरची चूक सहज होते.

कुंभारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सोलापूर शहर ४७ ओ या शीटमध्ये येते. ७६ रेखांश ओलांडला की शीटचा क्रमांक बदलून ५६ सुरू होतो, आणि अक्कलकोट त्या दुसऱ्या शीटमध्ये. हा सगळा रस्ता पाहायचा तर दोन शीट शेजारी ठेवाव्या लागतात, आणि दोन्ही एकाच वर्षी मोजलेल्या असतील असे नाही. शिवाय अक्कलकोट १९४८ पर्यंत संस्थान होते आणि तुळजापूर-नळदुर्गचा मुलूख निजामाचा. अशा सीमेवर एका बाजूचा तपशील दाट आणि दुसऱ्या बाजूचा विरळ दिसला तर तो जमिनीचा फरक आहे की मोजणीचा, हे आधी ठरवावे लागते.

नावावरून वस्तू

नकाशावरचे नाव हा हौशी शोधकाचा दुसरा मोह. कुंभारी म्हणताच कुंभार आले, कुंभार आले की आवा आला, आवा आला की खापरांचा ढीग आला, अशी साखळी लगेच जुळते. कन्नडमध्येही कुंभाराला कुंबार म्हणतात, त्यामुळे ही व्युत्पत्ती दोन्ही भाषांत गोड वाटते. पण नाव गावाला केव्हा पडले, कोणी दिले आणि ते कशाचा अपभ्रंश आहे, हे शिलालेख किंवा जुन्या दप्तराशिवाय सांगता येत नाही. नाव हा पुरावा नाही. ते फार तर चौकशीचे निमित्त.

सोलापूरच्या पूर्वेचा आणि दक्षिणेचा पट्टा मराठी-कन्नडचा सांधा आहे. हत्तरसंग, वळसंग, होटगी ही नावे वाचताना कन्नडकडे कान ठेवावा लागतो. ती लिहून घेणारा मोजणीदार बहुधा तिसऱ्याच भागातला, आणि ती इंग्रजीत उतरवणारा साहेब चौथ्या. सोलापूरचे ‘शोलापूर’ याच वाटेने झाले आणि सरकारी कागदावर शतकभर टिकले. एकच वाडी तीन नकाशांवर तीन प्रकारे लिहिलेली सापडते, आणि उत्साही माणूस ती तीन वेगवेगळी गावे धरून त्यांतली दोन ‘नाहीशी झालेली’ म्हणून जाहीर करतो.

नाव आणि जागा यांचा मेळ कसा घालावा याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडल येथला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या कालनिर्देश असलेल्या लेखांपैकी मानला जातो. तो देवळाच्या दगडावर आहे आणि कोणत्याही धातुशोधक यंत्राला तो ऐकू गेला नसता. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी जिल्ह्यातले लेख गावोगाव फिरून, देवळांच्या तुळया नि पायऱ्या पाहून शोधले. त्या कामाला लागले ते डोळे, पाय आणि लिपीचे ज्ञान.

खजिन्याची गोष्ट नकाशावर ठेवून पाहा

आमच्याकडे गुप्तधनाच्या गोष्टींचे दोन ठरावीक नायक आहेत : औरंगजेब आणि पळणारे पेशवे. दोन्ही गोष्टी निराधार नाहीत, म्हणूनच त्या टिकल्या. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात भीमाकाठी ब्रह्मपुरीला, आजच्या मंगळवेढा तालुक्यातल्या माचणूरजवळ होती. आणि मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने सोलापूरला वेढा घालून बाजीरावाच्या फौजेचा पराभव केला, किल्ला घेतला.

इथे नकाशाचा खरा उपयोग होतो, आणि तो गोष्ट खोडायला होतो. मन्रोच्या स्वारीत पराभूत पायदळाचा पाठलाग झाला तो सीना नदीकडे. नकाशा उघडा. सीना सोलापूरच्या पश्चिमेला आहे आणि कुंभारी पूर्वेला. जीव घेऊन पश्चिमेला पळणारी फौज पूर्वेच्या माळावर येऊन हंडे पुरत बसली, हे म्हणायला दुसरा काहीतरी भक्कम पुरावा हवा. ब्रह्मपुरीची छावणी तर कुंभारीहून कितीतरी दूर. मागे एक तरुण मोबाइलमध्ये जुन्या शीटचे चित्र घेऊन माझ्याकडे आला होता. ‘काका, इथं जुना रस्ता दिसतोय, फौज इथूनच गेली असणार ना?’ असा त्याचा प्रश्न. मी त्याला सीना दाखवली. तो बराच वेळ बोटाने शीट मागे-पुढे सरकवत राहिला आणि मग म्हणाला, ‘म्हणजे आम्ही गोष्ट आधी धरली आणि रस्ता मग शोधला.’ या सगळ्या पद्धतीवरची टीका याहून नेमकी मला करता आली नसती.

गॅझेटियरचाही असाच वापर होतो. कँपबेलच्या संपादनाखाली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूरचा, १८८४ चा. तो अमूल्य आहे, यात वाद नाही. पण त्याची बरीचशी माहिती अधिकाऱ्यांच्या अहवालांतून आली आहे. मोठी देवळे, किल्ले, बाजार, तलाव यांवर तो भरभरून बोलतो, आणि लहान गावांसाठी त्याच्याकडे फारसे शब्द नाहीत. गॅझेटियर गप्प आहे म्हणून गावाला इतिहास नाही असे मानणे, किंवा त्यात एखाद्या गढीचा उल्लेख आहे म्हणून तिथे धन आहे असे मानणे, दोन्ही सारखेच घाईचे.

पांढरी आणि काळी

मग जुन्या नकाशातून आपल्या भागात खरोखर काय सापडते? माझ्या मते जुनी वस्ती. आणि ती शोधण्याची किल्ली आपल्या भाषेतच आहे. गावाची राहती जमीन ती पांढरी आणि कसायची ती काळी. शेकडो वर्षे माणसे एकाच जागी राहिली की भिंतींची माती, राख, शेण, हाडे, खापरे यांचे थर चढत जातात आणि मातीचा रंग फिकट राखाडी होतो. गाव उठून गेले तरी पांढरी राहते. दुष्काळ, लुटालूट, साथ, नदीचा पूर, धरण, अशा कारणांनी गावे उठली. महसुली दप्तरात त्यांना ‘बेचिराख’ म्हणत, आणि टोपोशीटच्या सूचीत नांदत्या गावाशेजारी ओसाड गावासाठी वेगळी खूण आहे.

काम करण्याचा माझा क्रम असा. प्रथम गावनकाशा घ्यावा आणि गावठाणाचा आकार पाहावा. मग शिवारात कुठे वाटा विनाकारण एकत्र येतात ते पाहावे. पाच-सहा गाडीवाटा रिकाम्या शेतात येऊन मिळत असतील तर तिथे एके काळी काहीतरी होते. वस्ती मोडते, पण वाट आणि बांध लवकर मोडत नाहीत. मग भूमी अभिलेख कार्यालयातून जुने सर्वे नंबर आणि नंतरचे गट नंबर यांचा मेळ घालावा, कारण एकत्रीकरणानंतर आकडे बदलले आणि जुन्या कागदावरचा नंबर आज भलत्याच शेताला लागतो. मग एक इंची शीट, मग पन्नास हजारी. शेवटी अमेरिकेच्या ‘कोरोना’ उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे पाहावीत. ती हेरगिरीसाठी घेतलेली होती आणि १९९५ साली खुली झाली. बागायत, ट्रॅक्टर आणि वसाहती येण्याआधीचे आपले शिवार त्यांत दिसते, आणि काळ्या रानातला पांढरीचा डाग पुष्कळदा त्यांत नकाशापेक्षा स्पष्ट उमटतो.

एवढे झाल्यावर शेतकऱ्याला विचारून, पीक निघाल्यानंतर, पहिल्या पावसाने माती धुतल्यावर शेतात चालावे. खापरे दिसतात, जात्याचा तुकडा दिसतो, काचेच्या बांगडीचा तुकडा दिसतो. ते उचलायचे नाहीत. कुठे किती दाट आहेत ते कागदावर मांडायचे, फोटो काढायचा आणि मालकाला सांगून परत यायचे. माझ्या वह्यांत असे पुष्कळ कागद आहेत. त्यांत धातू नाही, पण एखादे गाव आज आहे तिथेच पूर्वीपासून होते की सरकत आले, याचे उत्तर त्यातून मिळू लागते.

यंत्र, माती आणि थर

मेटल डिटेक्टर दख्खनमध्ये नीट चालत नाही, याची कारणे मातीत आहेत. आपली माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात लोहखनिजाचा अंश भरपूर. यंत्र सतत कुरकुरत राहते. त्यात शेतात पडलेल्या बैलाच्या पत्र्या, नांगराचे खिळे, ट्रॅक्टरचे बोल्ट, तारेचे तुकडे, बाटल्यांची झाकणे. दुसरे कारण काळ्या मातीचा स्वभाव. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगून मिटते. भेगेत पडलेली कालची वस्तू खोल जाते आणि खालची वर येते. म्हणून काळ्या रानात ‘इतक्या खोल सापडले म्हणजे इतके जुने’ हे गणित चालत नाही. पांढरीत मात्र थर बरेचसे जागेवर असतात, आणि तिथे खड्डा पडला की नुकसानही तितकेच मोठे होते.

थर म्हणजे काय गमावतो, ते दायमाबादवरून समजते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या स्थळी १९७४ साली एका भिल्ल शेतमजुराला झाडाची मुळे खणताना कांस्याच्या चार अप्रतिम मूर्ती सापडल्या : बैलगाडीसारखा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. साठ किलोंहून अधिक वजन. त्याने त्या लपवल्या नाहीत, त्या सरकारकडे पोहोचल्या आणि पुढे तिथे मोठे उत्खननही झाले. तरीही त्या मूर्ती शास्त्रीय उत्खननात थरातून निघालेल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. इतक्या मोठ्या वस्तूंची ही गत, तर खिशात घालून नेलेल्या एका नाण्याचे काय होणार?

यंत्र मुळात दोषी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ पासून पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांच्या हातात हीच यंत्रे दिली. प्रत्येक आवाजाच्या जागी झेंडी लावली, प्रत्येक काडतूस आणि गोळी नकाशावर मांडली, आणि शंभराहून अधिक वर्षे न सुटलेल्या लढाईच्या हालचाली त्या ठिपक्यांतून दिसू लागल्या. तिथे वस्तूपेक्षा ठिपका महत्त्वाचा ठरला. सोलापूरची १८१८ ची लढाई किंवा ब्रह्मपुरीची छावणी यांवर असे काम अधिकृत परवानगीने झाले तर मी पहिला स्वयंसेवक म्हणून जाईन.

कायदा थोडक्यात

१८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कैद, दंड किंवा दोन्ही. धन बेवारस ठरल्यास, आणि वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला ते संपादन करायचे असेल तर वस्तूच्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. संरक्षित स्थळावर परवान्याविना खणणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूचा परवान्याविना व्यापार १९७२ च्या कायद्याने. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांवर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. ‘सापडेल ते आपले’ असे सांगणारा माणूस ऐकणाऱ्याला तुरुंगाच्या वाटेवर नेत असतो.

या कायद्याची उणीवही सांगायला हवी. तो सगळा धनाभोवती फिरतो. सापडलेल्या खापराची, बांगडीच्या तुकड्याची, जुन्या पांढरीच्या जागेची नोंद सामान्य माणसाने कुठे द्यायची, याची सोपी सोय आपल्याकडे नाही. प्रामाणिक माणसाला जाण्याजोगा दरवाजाच नसेल तर तो गप्प बसतो, आणि मागे उरतात ते रात्री खणणारे.

कुंभारीचा कोरा माळ

कुंभारीच्या जुन्या नकाशांवर गावाभोवतीचा माळ बहुतांशी कोरा दिसतो. त्या कोऱ्या कागदावर आज काय आहे? गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार वसाहतीची दहा हजार घरे, २००६ साली झालेली. त्यानंतर तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प, ज्याच्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळलेल्या बायकांना स्वतःचे दार मिळाले. त्या घरांच्या आड कोणाचा पुराणवस्तूचा छंद येऊ नये, असेच माझे मत आहे. पण याच कारणाने जुन्या नकाशाचे काम बदलते. त्या माळावरच्या वाटा, ओघळी, विहिरी, दगडी बांध यांचा आता तोच एक लेखी साक्षीदार उरला आहे. आणि शिवाराच्या ज्या भागांत अजून बांधकाम पोहोचलेले नाही, तिथे खणण्याआधी पाहून घेण्याची संधी आहे.

धोका केवळ डिटेक्टरवाल्यांचा नाही. पांढरीची माती शेतकरी खत म्हणून शेतात टाकतो, माळवदावर पसरतो, वीटभट्टीला देतो. जेसीबीने एका दुपारी जेवढी पांढरी उचलली जाते तेवढी शंभर हौशी माणसे वर्षभरात उकरणार नाहीत. तो शेतकरी गुन्हेगार नव्हे. ती माती कशाची आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दरेक ग्रामपंचायतीने आपल्या गावनकाशाची एक प्रत घ्यावी. शाळेतली सातवी-आठवीची मुले आणि गावातली चार वृद्ध माणसे यांना बसवून त्यावर जुनी पांढरी, बुजलेले आड, मोडलेल्या वाटा, वीरगळ, देवळांचे अवशेष आणि शेतांची चालती नावे गट नंबरासह लिहून घ्यावीत. तीन प्रती कराव्यात : एक पंचायतीत, एक शाळेत आणि एक जिल्ह्याच्या पुरातत्त्व किंवा अभिलेख कार्यालयात. घरकुल, रस्ता, शेततळे मंजूर होताना तो कागद एकदा पाहावा. याला यंत्र लागत नाही, मोठा निधी लागत नाही. या दिवाळीच्या सुट्टीत मुले गावी आलेली असतील, तेव्हा एका गावाचा असा नकाशा दोन दिवसांत होतो. शेतांची नावे ठाऊक असणारी पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी.